नेहमीपेक्षा जास्त

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सहकारी प्राध्यापिकेची मुलगी माझ्याकडे एक काम घेऊन आली. ती फिजिओथेरपीत संशोधन करते. दीर्घकालीन आजारांतील थकवा हा तिच्या प्रबंधाचा विषय आहे, आणि त्यासाठी एका इंग्रजी प्रश्नावलीचा मराठी अनुवाद तिला करून हवा होता. प्रश्न अकराच, एका पानात मावणारे. अठ्ठावीस वर्षे मराठी शिकवण्यात घालवलेल्या बाईला अकरा वाक्यांचे काय ओझे वाटणार? संध्याकाळपर्यंत देते, असे मी तिला सांगून टाकले. प्रत्यक्षात ते पान माझ्या टेबलावर सात आठवडे पडून राहिले. त्या सात आठवड्यांत जे लक्षात आले ते इथे मांडते आहे. वैद्यकाशी माझा संबंध रुग्णाची बहीण एवढाच आहे. परंतु प्रश्नावली हीही एक संहिताच असते, आणि संहिता वाचणे हे तर आपल्या सर्वांचेच काम आहे.

ही प्रश्नावली ट्रुडी चाल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये तयार केली व १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. थकव्याच्या संशोधनात ती आजही सर्रास वापरली जाते. पहिले सात प्रश्न शरीराच्या थकव्याचे आहेत: विश्रांती अधिक लागते का, झोपाळल्यासारखे वाटते का, काम सुरू करणे जड जाते का, स्नायूंतली ताकद कमी झाली आहे का, असे. उरलेले चार मनाच्या थकव्याचे: एकाग्रता, बोलताना होणाऱ्या चुका, नेमका शब्द न सापडणे आणि स्मरण. प्रत्येक प्रश्नापुढे चार पर्याय. नेहमीपेक्षा कमी, नेहमीइतकेच, नेहमीपेक्षा जास्त, नेहमीपेक्षा पुष्कळच जास्त. गुण देण्याच्या पद्धती दोन. पहिलीत पर्यायांना अनुक्रमे ०, १, २, ३ गुण मिळतात आणि बेरीज ३३ पर्यंत जाते. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये माणसांची मते मोजण्यासाठी जी पायऱ्यांची पद्धत सुचवली, तिचाच हा वंशविस्तार. दुसऱ्या पद्धतीत पहिल्या दोन पर्यायांना ० आणि पुढच्या दोहोंना १. म्हणजे एकूण ११.

प्रश्नांच्या अनुवादाला अर्धा तास पुरला. अडले ते 'नेहमी' या शब्दापाशी.

अनुवाद कुणावर तरी करून पाहावा, म्हणून पुढच्या रविवारी मी तो सांगलीला ताईकडे घेऊन गेले. माझ्या या थोरल्या बहिणीला १९९४ पासून संधिवात आहे. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि तिचा धाकटा मुलगा दोन वर्षांचा होता. औषधांनी सांध्यांची सूज पुष्कळ आटोक्यात आली, दुखणेही पूर्वीसारखे राहिले नाही. थकवा मात्र राहिला. ताईने चष्मा लावला, पान हातात घेतले आणि शाळेतल्या बाईंच्या शिस्तीने अकराही प्रश्नांना खुणा केल्या. सगळ्या एकाच रकान्यात: नेहमीइतकेच.

मी बेरीज केली. पहिल्या पद्धतीने ३३ पैकी ११. दुसऱ्या पद्धतीने ११ पैकी शून्य. ज्या बाईला आंघोळ करून आल्यावर केस विंचरण्याआधी वीस मिनिटे पलंगावर पडावे लागते, त्या बाईला या कागदाप्रमाणे थकवा नव्हता.

"अगं, खरं तेच लिहिलंय मी," ताई म्हणाली. "नेहमीपेक्षा जास्त कुठं आहे? हे नेहमीचंच आहे."

चूक तिची नव्हती, आणि प्रश्नावली करणाऱ्यांच्या ध्यानात ही अडचण आली नव्हती असेही नाही. पानाच्या वर लहान अक्षरांत सूचना आहे: तुम्ही बरेच दिवस थकलेले असाल, तर शेवटचे बरे होतात त्या वेळेशी तुलना करा. मी ती ताईला वाचून दाखवली. ती हसली. "म्हणजे चौऱ्याण्णवच्या मे महिन्याशी? तेव्हा मी पोराला कडेवर घेऊन गणपतीच्या देवळापर्यंत चालत जायची. ती बाई मला आता धड आठवतसुद्धा नाही."

तरीही तिने दुसरे पान भरले. या वेळी नऊ प्रश्नांना 'पुष्कळच जास्त' आणि दोहोंना 'जास्त'. बेरीज ३३ पैकी ३१. दुसऱ्या पद्धतीने ११ पैकी ११. दुपार तीच, खुर्ची तीच, बाई तीच. एका पानावर ती निरोगी होती आणि दुसऱ्यावर मोजपट्टीच्या टोकाला टेकलेली. टोकाला टेकण्याचाही स्वतंत्र तोटा आहे. उद्या तिचा थकवा दुप्पट झाला, तर तो दाखवायला या कागदावर जवळजवळ जागाच उरलेली नाही. शिवाय एकतीस वर्षांच्या बाईशी साठी ओलांडलेल्या बाईची तुलना करताना त्यातला आजाराचा वाटा किती आणि वयाचा किती, हे कुणी सांगायचे?

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना वोल्फगांग इझर यांची अभिप्रेत वाचकाची संकल्पना परिचित आहे. प्रत्येक संहिता आपल्या रचनेतून एक वाचक गृहीत धरते. प्रश्नावलीही एक उत्तरकर्ता गृहीत धरते. या प्रश्नावलीचा अभिप्रेत उत्तरकर्ता म्हणजे बरा असलेला, मध्येच आजारी पडलेला आणि पुन्हा बरा होऊ घातलेला माणूस. त्याच्याजवळ एक 'नेहमी' शाबूत आहे आणि त्या काठावर उभा राहून तो आपला थकवा पाहू शकतो. दीर्घ आजार पहिल्यांदा हा काठच खाऊन टाकतो. रुग्णांच्या जीवनमानाचा अभ्यास करणाऱ्या मिर्जाम स्प्रँगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी १९९९ मध्ये हेच सैद्धान्तिक भाषेत मांडले: प्रकृती बदलते तशी उत्तर देणाऱ्याची आतली मोजपट्टीही सरकते, त्याच्या लेखी कशाला महत्त्व आहे तेही बदलते, आणि म्हणून आधीच्या व नंतरच्या आकड्यांची वजाबाकी फसवी ठरू शकते.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. १९८९ मध्ये लॉरेन क्रुप आणि सहकाऱ्यांनी मल्टिपल स्क्लेरॉसिस व ल्युपसच्या रुग्णांसाठी नऊ विधानांची एक श्रेणी प्रसिद्ध केली. तीही जगभर वापरली जाते. तिचा भर थकव्यामुळे काम, कुटुंब, सामाजिक जीवन यांत किती अडथळा येतो, यावर आहे. प्रश्न रास्तच आहे. पण ताईने २००९ मध्ये शाळा सोडली. त्यानंतर भजनी मंडळ सोडले. मग उन्हाळ्यातल्या कुरडया-पापड बंद झाले, मग गच्चीवर जाणे, मग लग्नकार्यांना जाणे. जे सोडून दिले त्यात अडथळा कसा येणार? दर वेळी काहीतरी सोडले की काही महिने तिला थोडे बरे वाटते, कारण उरलेली शक्ती कमी कामांत वाटली जाते. त्या महिन्यांत कुणी ही श्रेणी भरून घेतली, तर आकडा सुधारलेला दिसेल. आयुष्य आकसले म्हणून गुण सुधारले, हे त्या आकड्यावरून कुणालाही कळणार नाही.

इथपर्यंत मी प्रश्नावलीवर रागावलेली होते. परंतु अनुवाद पुरा करण्यासाठी आपले शब्द तपासू लागले तेव्हा राग ओसरला, कारण आपली भाषाही फारसे वेगळे काही करत नाही असे दिसले. मराठीत या अनुभवाला शब्दांची वाण नाही: थकवा, शीण, शिणवटा, मरगळ, ग्लानी, गळाठा, दमणे, भागणे, श्रमणे, गळून जाणे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मध्ये आजारपणावर लिहिताना इंग्रजीच्या दारिद्र्याची तक्रार केली होती. मराठीबद्दल ती तशीच्या तशी करता येणार नाही. पण या शब्दांसोबत येणारी क्रियापदे पाहावीत. शीण उतरतो. थकवा जातो. मरगळ झटकायची असते. दमलेला माणूस दम खातो आणि पुन्हा उठतो. जात्यावरच्या ओव्यांतही शीण आहे, पण तो दळणाचा. दळण सरले की सरणारा. श्रमानंतर थकवा आणि विश्रांतीनंतर उठणे, हे चक्र या शब्दसंपत्तीच्या मुळाशी आहे. न उतरणाऱ्या शिणासाठी आपल्या रोजच्या बोलण्यात वेगळे नाम नाही.

असे नाम एके काळी होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 'क्लम' या अवस्थेचे लक्षण दिले आहे: आयास केलेला नसताना देहात वाढणारा, धाप न लागणारा आणि इंद्रियांना आपापल्या विषयांपासून अडवणारा श्रम. आजचे वैद्यक ज्याची व्याख्या करताना दमते, त्याच्या फार जवळ जाणारे हे वर्णन आहे. अनुवादात 'क्लम' वापरावा असा मोह मला क्षणभर झालाही. पण ज्याला तो कळेल असा रुग्ण सांगली जिल्ह्यात मला किती ठिकाणी भेटणार?

शिवाय अशा अनुवादाची रीतच निराळी असते. एकाने मराठी करायचे. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे. आणि परत आलेले इंग्रजी मूळाशी ताडून पाहायचे. अर्थाची राखण व्हावी हा हेतू उघड आहे. मात्र या चाळणीतून जो शब्द सुखरूप परत येतो तोच टिकतो, आणि सुखरूप परत येतो तो सर्वांत निर्विकार शब्द. 'थकवा' गेला तसा परत आला. 'गळाठा' परत आला तो अशक्तपणा होऊन. 'अंग जड पडणे' परत आले ते वजन वाढणे होऊन! रुग्ण ज्या शब्दांत बोलतो ते शब्द या प्रवासात एकेक करून गळतात आणि शेवटी कागदावर कुणाचीच नसलेली मराठी उरते.

थकवा मोजण्याची धडपड जुनी आहे. इटलीतील तुरीन येथील शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी एर्गोग्राफ नावाचे यंत्र तयार केले. हात बांधून ठेवायचा, मधल्या बोटाने वजन पुन्हा पुन्हा उचलायचे आणि प्रत्येक उचलीची रेघ फिरत्या नळकांड्यावर उमटू द्यायची. रेघा आखूड होत जातात, तो थकवा. त्यांचे 'ला फातिका' हे पुस्तक १८९१ चे. विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन दमलेल्या सहकाऱ्याच्या बोटाच्या रेघाही त्यांनी घेतल्या होत्या, हे आपल्यापैकी अनेकांना आवडेल. पण बोटाची रेघ आणि माणसाला जाणवणारा थकवा यांचा मेळ बसेना. १९२१ मध्ये बर्नार्ड मुशिओ या मानसशास्त्रज्ञाने थकव्याची चाचणी शक्य तरी आहे का, असा प्रश्न शीर्षकातच विचारून निबंध लिहिला, आणि काटेकोर शास्त्रीय चर्चेतून हा शब्दच काढून टाकावा, अशी सूचना केली. शब्द गेला नाही. यंत्राला जे साधले नाही ते माणसालाच विचारावे, म्हणून पुढे प्रश्नावल्या आल्या.

आणि कागदावरच्या या आकड्यांचे परिणाम माणसांच्या दिनक्रमापर्यंत पोहोचतात. ब्रिटनमध्ये क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या ६४१ रुग्णांवर झालेली 'पेस' चाचणी २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. विचारांची दिशा बदलणारी मानसोपचारपद्धती आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम यांनी रुग्ण सुधारतात, असा तिचा निष्कर्ष होता. मोजमापाचे एक मुख्य साधन होते चाल्डर यांची हीच प्रश्नावली. चाचणीत प्रवेशासाठी दुसऱ्या पद्धतीने ११ पैकी किमान ६ गुण हवे होते. निकालात मात्र पहिल्या पद्धतीने ३३ पैकी १८ किंवा कमी गुण असलेला थकवा 'सामान्य मर्यादेत' धरला गेला. आता एक साधे गणित करू. सहा प्रश्नांना 'जास्त' आणि पाचांना 'नेहमीइतकेच' असे उत्तर दिलेला रुग्ण घ्या. प्रवेशाच्या पद्धतीने त्याचे गुण ६, म्हणजे प्रवेशास पुरेसा आजारी. निकालाच्या पद्धतीने १७, म्हणजे सामान्य. एकही खूण न हलवता तो दोन्ही ठरतो. हालचालींच्या क्षमतेच्या श्रेणीतही तेच: प्रवेशासाठी १०० पैकी ६५ किंवा कमी, आणि सामान्य ठरण्यासाठी ६० किंवा अधिक. गुणपद्धती बदलल्याने बारीक फरक टिपता येतात आणि निकाल पाहण्यापूर्वीच हा बदल ठरला होता, असे संशोधकांचे म्हणणे होते, तेही इथे नोंदवले पाहिजे. परंतु या उपचारांपैकी एकाचा रोखच मुळी रुग्णाने आपल्या थकव्याकडे कसे पाहावे यावर होता. अशा उपचारानंतर त्यालाच थकव्याविषयी विचारले, तर बदलले ते शरीर की बोलण्याची रीत, हे केवळ प्रश्नावलीने ओळखता येणार नाही.

रुग्णांनी ही लढाई अनेक वर्षे लढवली. २०१६ मध्ये ब्रिटनमधील न्यायाधिकरणाने चाचणीची आधारसामग्री खुली करण्याचा आदेश दिला. 'नाइस' या तिथल्या मार्गदर्शक संस्थेने २००७ मध्ये सौम्य व मध्यम आजारासाठी वाढत्या व्यायामाची शिफारस केली होती. २०२१ मध्ये ती मागे घेतली. या आजाराची खूणच अशी की श्रमाची किंमत पुष्कळदा त्याच वेळी चुकवावी लागत नाही. ती एकदोन दिवसांनी वसूल होते आणि मग कित्येक दिवस वसूल होत राहते. महिनाभराचा सरासरी थकवा विचारणाऱ्या कागदावर हा उशीर कुठे मांडणार?

मग प्रश्नावल्या टाकूनच द्याव्यात का? ताईच्या आजाराचाच इतिहास मला तसे म्हणू देत नाही. संधिवाताच्या औषधचाचण्यांत कित्येक वर्षे सांध्यांची सूज, वेदना, रक्ताचे अहवाल हे सारे मोजले जाई. थकव्याची दखल क्वचित घेतली जाई. २००२ मध्ये ब्रिस्बेन येथे या मोजमापांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा रुग्णांनाही चर्चेत बसवले गेले, आणि त्यांनी थकव्याचा मुद्दा लावून धरला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशीनुसार तो शक्य तिथे मोजावा असे ठरले. म्हणजे ज्या रकान्यांना मी नावे ठेवते आहे, ते रकाने मिळवण्यासाठी ताईसारख्या बायकांना भांडावे लागले आहे. रकाना नसताना तिचा थकवा कुणाच्याच हिशेबात नव्हता.

हिशेब ताईही ठेवते. तिची स्वतःची मोजपट्टी आहे आणि ती मी तीस वर्षे ऐकत आले आहे. सकाळी फोन केला की ती म्हणते, "आज आठ आणे घेऊनच उठले गं." म्हणजे दिवस अर्धाच आहे. आंघोळीला दोन आणे जातात, पाहुणे आले तर चार. "काल भाचीच्या डोहाळजेवणाला गेले, ते उधारीवर," असेही ती सांगते, आणि त्या उधारीची फेड तीन दिवस चालते. या मोजपट्टीत जमा आहे, खर्च आहे, कर्ज आहे आणि उशिरा होणारी वसुलीही आहे. छापील श्रेण्यांत जे सुटते ते पुष्कळसे तिच्यात येते. पण ताईचे आठ आणे आणि शेजारच्या काकूंचे आठ आणे यांची बेरीज करता येत नाही, आणि हजार रुग्णांच्या चाचणीत तर मुळीच नाही. छापील श्रेणीला सर्वांची बेरीज करता येते, पण कुणा एकाचे सांगणे ती पुरते ऐकत नाही. ही तडजोड आहे हे आकडा वाचणाऱ्याच्या मनात जागे राहिले, तर प्रश्नावली उपयोगाची. तो विसर पडला की ६ आणि १७ चा घोळ होतो.

सातव्या आठवड्यात मी अनुवाद पाठवला. 'थकवा' तसाच ठेवला. 'नेहमी'ही ठेवावे लागले, कारण पर्याय बदलण्याची मुभा नव्हती. मात्र बारीक अक्षरांतली सूचना मोठ्या अक्षरांत छापावी, आणि पान भरून झाल्यावर 'नेहमी म्हणजे तुम्ही कुठला काळ धरलात?' एवढे तोंडी विचारून उत्तर वेगळ्या वहीत लिहून ठेवावे, असे मी त्या मुलीला सुचवले. तिने ते मानले. गुणांमध्ये ती वही धरली जाणार नाही. तरी प्रबंधात तिच्यासाठी एक प्रकरण ठेवते, असे ती म्हणाली आहे.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. ताईच्या पानावरच्या अकरा खुणा पाहून मला धक्का बसला, पण ते उत्तर मला नवे नव्हते. इतकी वर्षे दर रविवारी मी तिला फोनवर विचारत आले, "कशी आहेस?" आणि ती म्हणत आली, "नेहमीसारखी." ते ऐकून मी निश्चिंत होत असे आणि माझे सांगायला सुरुवात करत असे. आठ आणे ऐकू यायचे. त्यांची गंमत वाटायची. कागदाने जी चूक एका दुपारी केली ती मी तीस वर्षे करत होते, आणि मला तर पर्यायांची सक्तीही नव्हती.

आता मी विचारते, "या आठवड्यात काय सोडलंस?" पहिल्यांदा विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वेणी. केस कापून टाकले परवा. हात वर धरवत नाहीत." गेल्या रविवारी म्हणाली, "काही नाही. उलट दोन पानं वाचली." ती कुठली पाने, यावर आम्ही पुढे अर्धा तास बोललो. मग तीच म्हणाली, आता ठेवते, दोन आणे उरलेत, ते भाताला लागतील.